घाटावरचा दर्यावर्दी : व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी

मालवणहून दक्षिणेकडे निघाले म्हणजे तारकर्ली मागे पडते आणि जमीन हळूहळू निमुळती होत जाते. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला कर्ली नदी, आणि मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. तिचे नाव देवबाग. पुढे ही पट्टीही संपते, नदी समुद्राला मिळते आणि पलीकडच्या तीरावर भोगव्याचा डोंगर दिसू लागतो. पावसाळ्यात या गावाची समुद्राशी अक्षरशः हद्दीची भांडणे चालतात; कुणाची दोन माडे गेली, कुणाचा गडगा गेला, हा तिथला नेहमीचा विषय. अशा गावात समुद्राची गोष्ट सांगणे म्हणजे माडाखाली बसून शहाळी विकण्यासारखेच. तरीही आज मी तेच करणार आहे. कारण ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, तो नौदलातला असूनही आयुष्याच्या उत्तरार्धात राहिला घाटावर, सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी नावाच्या खेड्यात. तिथून समुद्र गाठायचा म्हणजे सह्याद्री उतरून यावे लागते. आणि तिथे बसून या गृहस्थांनी जे मनात धरले होते, ते किनाऱ्यावर जन्मलेल्या आपल्यासारख्यांच्याही मनात सहसा आले नव्हते.

त्यांचे नाव व्हाइस ॲडमिरल मनोहर प्रल्हाद आवटी. जन्म ७ सप्टेंबर १९२७, सुरत येथे. निधन ४ नोव्हेंबर २०१८, विंचुर्णीस. एक्याण्णव वर्षांचे आयुष्य. त्यातली अडतीस वर्षे नौदलात, आणि पस्तीस वर्षे निवृत्तीत. नौदलातली वर्षे त्यांना वीरचक्र देऊन गेली. पण इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला विचाराल, तर निवृत्तीची वर्षे अधिक मोलाची वाटतात. का, ते पुढे येईलच.

आधी काळ पाहू. आवटी नौदलात आले ते १९४५ साली. त्या वेळी या नौदलाचे नाव रॉयल इंडियन नेव्ही. हे नाव तरी १९३४ चे. त्याआधी ती रॉयल इंडियन मरीन होती. या दलाचे दोर ओढणारे, बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे, नांगर उचलणारे हात कुणाचे होते? फार मोठ्या प्रमाणावर ते आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचे होते. (आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, तोवर आपणही रत्नागिरीतच मोडत होतो.) त्यातही कोकणी मुसलमानांचा भरणा मोठा. बाप बोटीवर, काका बोटीवर, म्हणून मुलगाही बोटीवर, असे घरच्या घरी चालत आलेले ते काम. परंतु ज्या जागेवरून हुकूम सुटतो, ती कप्तानाची जागा या माणसांना बंद होती. हिंदी तरुणांना जहाजावरचे अधिकारी होण्याचे शिक्षण मिळावे म्हणून मुंबईच्या बंदरात 'डफरीन' हे शिक्षणाचे जहाज उभे राहिले, तेच मुळी १९२७ साली. म्हणजे आवटींचे आणि त्या दरवाज्याचे वय एकच म्हणायचे.

आवटींच्या नोकरीला पुरते वर्षही झाले नसेल, तोच १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार' या केंद्रावर खलाशांनी जेवणावर बहिष्कार घातला. निकृष्ट अन्न, गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्या, आणि बाहेर देशभर पेटलेले वातावरण. दोनचार दिवसांत ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० खलाशी या उठावात ओढले गेले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. २३ फेब्रुवारीला उठाव मागे घेतला गेला. पुष्कळांना शिक्षा झाल्या, नोकऱ्या गेल्या, आणि ते मुकाट्याने घरी परतले. पुढे दीड वर्षातच स्वातंत्र्य आले, देशाची फाळणी झाली, आणि नौदलाचीही वाटणी झाली. जहाजे वाटली, माणसे वाटली. या विभागलेल्या, अपुऱ्या नौदलात तरुण अधिकारी म्हणून वाढणे म्हणजे काय, हे आज आपल्याला समजणे कठीण. पहिला हिंदी नौदलप्रमुख मिळायला १९५८ साल उजाडावे लागले. ते रामदास कटारी. त्यांच्या मागून १९६२ साली भास्कर सदाशिव सोमण आले.

आवटी बिनतारी संदेशवहनाच्या शाखेत तरबेज झाले, एकेका जहाजाची कप्तानी करत वर आले. ती सगळी यादी वाचून दाखवत नाही. १९७१ वर येतो.

त्या वर्षी ते 'कामोर्टा' या युद्धनौकेचे कप्तान होते. कामोर्टा हे निकोबारमधले एक बेट. रशियाकडून घेतलेल्या या पाणबुडीविरोधी नौकांना आपण बेटांची नावे दिली होती. त्या मालिकेतली एक 'अर्नाळा', म्हणजे आपल्या वसईजवळचीच. डिसेंबर १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात 'विक्रांत' ही विमानवाहू नौका आणि तिच्याबरोबर 'ब्रह्मपुत्रा', 'बियास', 'कामोर्टा', 'कवरत्ती' अशा नौका उतरल्या. विक्रांतच्या बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे वेग कमी. शत्रूची 'गाझी' ही पाणबुडी तिच्याच मागावर आली होती. ती विशाखापट्टणमजवळ ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री बुडाली.

पूर्व पाकिस्तानचा किनारा नद्यांच्या मुखांनी फाटलेला. पाणी उथळ, गाळाचे, आणि त्यात सुरुंग पेरलेले. तिथे आपल्या नौकांचे काम कोणते? देवबागच्या माणसाला ते लवकर समजेल. कर्लीच्या मुखाशी जाळे लावून बसले म्हणजे आतला मासा बाहेर जात नाही आणि बाहेरचा आत येत नाही. नाकेबंदी म्हणतात ती हीच. आतल्या सैन्याला समुद्राकडून मदत मिळू द्यायची नाही, आणि पळून जायला वाटही ठेवायची नाही. आवटींच्या नौकेने सुरुंगांच्या पाण्यात हे काम केले आणि चोरून माल नेणारी तीन जहाजे पकडली. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. सुमारे ९३,००० माणसे ताब्यात आली, आणि त्यांच्या पाठीशी असलेला समुद्र त्यांना उपयोगी पडला नव्हता. या कामगिरीबद्दल आवटींना वीरचक्र मिळाले. पुढे ते पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख झाले आणि १९८३ साली निवृत्त झाले.

इथे एका सामान्य चरित्राचा शेवट झाला असता. मोठे अधिकारी निवृत्त होतात, पुण्याला बंगला बांधतात, सकाळी फिरायला जातात. त्यात वाईट काही नाही. आवटी विंचुर्णीला गेले. कोरडा मुलूख, तिथे झाडे लावली, जनावरे पाळली. वन्य प्राण्यांचा त्यांना मोठा लळा. पण डोक्यात समुद्र होता. १९७८ साली, नौदलात असतानाच, मुंबईत सागरी इतिहासाचा अभ्यास करणारी 'मेरिटाइम हिस्टरी सोसायटी' त्यांनी सुरू केली होती. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की या देशाला सात हजार किलोमीटरहून अधिक किनारा आहे आणि तरी देश पाठ करून बसला आहे समुद्राकडे.

या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याला एक पुरवणी जोडावीशी वाटते. आपल्या पोथ्यांनी समुद्र ओलांडणे पाप ठरवले, ही सिंधुबंदी खरी. परंतु ती लागू झाली कुणाला? पोथी वाचणाऱ्यांना! गाबीत, भंडारी, खारवी, दालदी यांच्या वल्ह्याला ती कधी लागली नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, तेव्हा आरमारावर मायनाक भंडारी, दौलतखान ही माणसे होती. पाठ फिरवली ती राजधानीत बसणाऱ्यांनी. कोकणच्या माणसाने पाठ फिरवली नव्हती. त्याला कुणी विचारले नव्हते, एवढेच. आवटींसारखा उच्च हुद्द्यावरचा माणूस हा प्रश्न विचारू लागला, याचे महत्त्व मला यासाठी वाटते.

आता त्यांच्या मनात जे होते ते सांगतो. एका भारतीयाने, भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून, एकट्याने, पृथ्वीप्रदक्षिणा करावी.

शिक्षक मित्रांनी हे वर्गात जरूर सांगावे, कारण यात भूगोलाचा आणि गणिताचा पाठ आयता आहे. अशा प्रदक्षिणेचे नियम ठरलेले आहेत. जिथून निघायचे तिथेच परत यायचे. सगळी रेखावृत्ते ओलांडायची. विषुववृत्त ओलांडायचे. सुएझ किंवा पनामा कालव्यातून जायचे नाही. आणि अंतर निदान २१,६०० सागरी मैल भरले पाहिजे. हा आकडा कुठून आला? वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाची मिनिटे ६०. गुणाकार करा, २१,६०० येतात. एक सागरी मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरचे एक मिनिट, १,८५२ मीटर. त्याचे किलोमीटर केले की सुमारे ४०,००० होतात, म्हणजे पृथ्वीचा परिघ. मुले हा गुणाकार एकदा स्वतः करतील तर जन्मभर विसरणार नाहीत.

जमिनीला वळसे घेत जायचे म्हणून ऑस्ट्रेलियाचे ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचे हॉर्न आणि आफ्रिकेचे गुड होप, या तीन भूशिरांच्या खालून जावे लागते. तिकडे दक्षिणेला चाळीस अंशांच्या खाली वारा अडवायला जमीनच फारशी नाही. तो पश्चिमेकडून सुटतो आणि पृथ्वीभर फिरत राहतो. खलाशी त्या पट्ट्याला 'गर्जणारी चाळिशी' म्हणतात. आमच्याकडे चाळिशी म्हणजे चष्मा. माझ्या नाकावर ती नुकतीच आली आहे, आणि तेवढीच मला पुरे आहे. तिकडे मात्र घराएवढ्या लाटा आणि गारठा. बोटीवर माणूस एकटा. झोप घ्यायची ती अर्ध्या अर्ध्या तासाचे तुकडे करून. शीड फाटले तर शिवणारा तोच, सुकाणू बिघडले तर दुरुस्त करणारा तोच, आणि आजारी पडला तर वैद्यही तोच.

लष्कराच्या इंजिनिअर दलातल्या जवानांनी 'तृष्णा' या नौकेतून १९८५ ते १९८७ मध्ये प्रदक्षिणा केली होती. पण ती अनेकांनी मिळून. एकट्याने जाणे ही निराळी गोष्ट. १९६८–६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रज खलाशाने कुठेही न थांबता, एकट्याने, ३१२ दिवसांत ती प्रथम पुरी केली. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते, पुरी करणारा हा एकटा. त्याच्या बोटीचे नाव 'सुहेली', लांबी ३२ फूट. आणि श्रोतेहो, ही बोट बांधली होती मुंबईत. सागवानी लाकडाची, आपल्याकडच्या सुतारांनी वाकस चालवून घडवलेली! जगात पहिल्यांदा न थांबता एकट्याने पृथ्वीला वळसा घातला तो इंग्रजाने, पण त्याच्या पायाखालचे लाकूड जोडले होते आपल्या माणसांनी. त्या सुतारांची नावे शाळेच्या पुस्तकात नाहीत. लढायांच्या तारखा आपण पाठ करून घेतो. तासणारे हात मात्र गाळून टाकतो. ही खोड आम्हा इतिहास शिकवणाऱ्यांची आहे.

आवटींनी हा विषय नौदलाकडे लावून धरला. निवृत्तीपासून ते काम प्रत्यक्ष सुरू होईपर्यंत तेवीस वर्षे गेली. २००६ साली नौदलाने होकार दिला आणि कमांडर दिलीप दोंदे हे अधिकारी पुढे आले. त्यांना शिडाच्या होड्यांची माहिती होती. पण एकट्याने जगाला वळसा घालायचा म्हणजे काय, हे कोणत्याच भारतीयाला ठाऊक नव्हते. ते शिकायला दोंदे इंग्लंडात नॉक्स-जॉन्स्टनकडे जाऊन राहिले. सुहेलीचे ऋण असे उलटे फिरून आले म्हणा.

मग बोट. ती बांधायची कुठे? देवबागपासून फार दूर नाही, आपल्या शेजारच्या गोव्यात, मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांचा बोटी बांधण्याचा कारखाना आहे. एवढी मोठी शिडाची नौका, तीही दक्षिण महासागरात जाणारी, त्यांनी पूर्वी बांधलेली नव्हती. आराखडा डच होता, हात इथले होते. लाकडावर फायबर-काचेचे थर चढवून ५६ फुटांची नौका उभी राहिली आणि दोंदे स्वतः कारखान्यात राबले. १२ फेब्रुवारी २००९ ला ती नौदलात दाखल झाली. मांडवीचेच वरच्या अंगाचे नाव म्हादेई. तेच नौकेला दिले.

१९ ऑगस्ट २००९ रोजी, भर पावसाळ्यात, दोंदे मुंबईहून निघाले. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढलेल्या असतात. म्हणजे आपण जेमतेम नारळ वाहतो त्या सुमाराला हे महाशय जगाच्या वाटेला लागले. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केप टाऊन अशा चार ठिकाणी थांबत ते १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. आवटी त्या वेळी ब्याऐंशी वर्षांचे होते.

पण म्हाताऱ्याचे एवढ्यावर समाधान होणार थोडेच! आता न थांबता. १ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याच 'म्हादेई'तून अभिलाष टॉमी निघाले आणि ३१ मार्च २०१३ ला, एकाही बंदराला न लागता, परत आले. मग मुलींची पाळी. दिवाडीच्याच कारखान्यात 'तारिणी' बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी २५४ दिवसांनी परतल्या. आवटींनी हेही पाहिले.

आता जरा देवबागला परत येऊ. इथल्या जुन्या माणसांना शीड ही काही नवलाई नव्हती. मुंबईची आगबोट मालवणच्या बंदरात बाहेर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. मासेमारीच्या होड्यांना शिडे होती. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे, दुपारी खाऱ्या वाऱ्यावर आत यायचे. तांडेलाला पाण्याचा रंग पाहून तळ किती वाव आहे ते कळे. पुढे यंत्रे आली आणि शिडे उतरली. त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही; यंत्राने माणसाचे श्रम वाचवले, वादळात जीवही वाचवले. आता तारकर्ली-देवबागला पर्यटक येतात, समुद्राच्या तळाशी बुड्या मारतात, इथल्या पोरांना त्यातून चार पैसे मिळतात. ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने इथेच साजरा झाला, आणि तारकर्लीच्या वाळूवरून गावकऱ्यांनी युद्धनौका पाहिल्या.

प्रश्न आहे तो निराळाच. ज्या विद्येसाठी एका ॲडमिरलने घाटावर बसून तेवीस वर्षे चिकाटी धरली, ती विद्या आपल्या दारात होती, आणि ती लिहून न ठेवता आपण जाऊ देत आहोत. वाऱ्यांची नावे, दोरांची नावे, गाठींचे प्रकार, रापणीच्या वेळी कोण कुठे उभा राहतो, कोणत्या नक्षत्रात कोणता वारा फिरतो, हे सगळे सत्तरी-ऐंशीच्या माणसांच्या डोक्यात आहे. शिक्षकांना माझी विनंती अशी, की एखादा शनिवार मुलांना घेऊन अशा माणसाकडे जावे. नौदलातून किंवा व्यापारी बोटीवरून निवृत्त झालेले गृहस्थ तर या किनाऱ्यावर गावोगाव आढळतात. कोणत्या साली भरती झालात, कोणत्या जहाजावर होतात, १९७१ साली कुठे होतात, एवढे तीनच प्रश्न विचारावेत. वहीत उतरून घ्यावे, खाली तारीख घालावी. जुन्या नोकरीचे पुस्तक, एखादा फोटो दाखवला तर त्याची नक्कल करून ठेवावी. आपल्याकडे बोटीवरच्या माणसाचे मरण झाले म्हणजे त्याची पेटी उघडली जाते, कागद चुलीत जातात आणि पेटीत तांदूळ भरतात. हे मी प्रत्यक्ष पाहिलेले आहे.

आवटींच्या अखेरच्या दिवसांची गोष्ट सांगून थांबतो. नॉक्स-जॉन्स्टनच्या प्रदक्षिणेला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ साली तशीच शर्यत पुन्हा ठेवली गेली. अट अशी, की बोट त्या काळाच्या घडणीची हवी आणि मार्ग काढायचा तो सूर्य-ताऱ्यांवरून. या शर्यतीसाठी गोव्यात दांडेकरांच्या कारखान्यात 'सुहेली'चीच प्रतिकृती तयार झाली. तिचे नाव 'तुरिया'. ती घेऊन अभिलाष टॉमी निघाले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने ती उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर मार बसला. सर्वांत जवळची जमीन शेकडो मैल दूर. तीन दिवस ते बोटीत पडून होते. २४ सप्टेंबरला 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

त्यानंतर सहा आठवड्यांनी आवटी वारले. टॉमी पुन्हा उभे राहिले, २०२२ च्या तशाच शर्यतीत उतरले, आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने ती पुरी केली. २ ऑक्टोबर २०२४ रोजी नौदलाच्या दोन महिला अधिकारी, दिलना के. आणि रूपा ए., दोघीच गोव्याहून प्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ रोजी परतल्या. बोट तीच होती, दिवाडीची 'तारिणी'.